मजल आणि मोटारसायकल

दूरच्या प्रवासाला मोटारसायकल कोणती घ्यावी, हा प्रश्न आज बहुधा दुकानाच्या काचेसमोर उभे राहून विचारला जातो आणि त्याचा निवाडा अश्वशक्तीच्या आकड्यांवर सोपवला जातो. परंतु या वाहनाचा सव्वाशे वर्षांचा इतिहास निरखून पाहिला, तर ज्यांनी खरोखर लांबच्या मजला मारल्या त्यांचे वाहन वाटेनेच ठरवले होते, असे दिसून येते.

१९०३ च्या १६ मे रोजी जॉर्ज वायमन हा अमेरिकन तरुण सॅन फ्रान्सिस्कोहून न्यूयॉर्ककडे निघाला, तेव्हा भक्कम केलेली सायकल, तिला जोडलेले सुमारे सव्वा अश्वशक्तीचे इंजिन आणि चाक फिरवणारा चामड्याचा पट्टा एवढाच त्याचा सरंजाम होता. पश्चिमेकडच्या डोंगराळ आणि वाळवंटी मुलखात रस्ता असा नव्हताच. म्हणून त्याने रेल्वेची वाट धरली आणि स्लीपरांवरून हिसके खात शेकडो मैल कापले. न्यूयॉर्क टप्प्यात आले असता आल्बनी गावी इंजिनाने मान टाकली, आणि उरलेले सुमारे दीडशे मैल त्याने पायडल मारून पुरे केले. ६ जुलै रोजी तो मुक्कामी पोचला, आणि इंजिनाच्या वाहनावर ते खंड आडवे ओलांडणारा पहिला मनुष्य ठरला. त्याचे यंत्र दुबळे होते हे खरे; परंतु ते रुळांवरून उचलून बाजूला घेता येईल इतके हलके होते आणि इंजिन थंडावले तरी पायांच्या बळावर चालणारे होते, म्हणून त्या वाटेला त्याहून योग्य वाहन त्या काळी क्वचितच मिळाले असते.

याच्या अगदी उलट तजवीज १९३४ साली थेरेसा वॉलॅक आणि फ्लॉरेन्स ब्लेनकायर्न या दोन इंग्रज स्त्रियांनी केली. लंडनहून सहारा ओलांडून केपटाउनला जायचे, आणि वाटेत दुकान तर दूरच, पाणीही मिळण्याची शाश्वती नाही. तेव्हा हलके वाहन नेऊन भागण्यासारखे नव्हते. त्यांनी ६०० सीसीची पँथर घेतली, तिला साइडकार जोडली आणि मागे सामानाचा ट्रेलर लावला. पँथरचे एकच मोठे सिलिंडर पुढे कललेले असे आणि सांगाड्याच्या पुढच्या नळीच्या जागी ते इंजिनच बसवलेले असे. रचना इतकी सरळ की हत्यारांच्या एका पेटीनिशी तिच्या अंतरंगापर्यंत पोचता यावे. तो सारा भार वाळूत रुतला की दोघींना तो बाहुबळाने ओढून काढावा लागे. ११ डिसेंबर १९३४ रोजी निघालेल्या त्या दोघी २९ जुलै १९३५ रोजी केपटाउनला पोचल्या. वॉलॅकबाईंनी अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले होते, ही गोष्ट त्या यशात पँथरच्या बळाइतकीच मोलाची होती; कारण आपल्या यंत्राची नाडी ज्याला कळते, त्यालाच निर्जन मुलखात भारी वाहन नेण्याचा अधिकार पोचतो.

आपल्याकडे हा प्रश्न लष्कराच्या मार्फत आला. स्वातंत्र्यानंतर सरहद्दीवरच्या गस्तीसाठी सरकारने ३५० सीसीची बुलेट पसंत केली, तिची मागणी वाढली, आणि १९५५ साली रेडिचच्या रॉयल एन्फिल्ड कंपनीने मद्रास मोटर्सशी भागीदारी करून एन्फिल्ड इंडियाची स्थापना केली. पुढे १९७० च्या सुमारास ब्रिटनमधला मूळ व्यवसाय संपुष्टात आला; मद्रासचा कारखाना मात्र तीच गाडी घडवत राहिला. सत्तर मिलिमीटरचे सिलिंडर आणि नव्वद मिलिमीटरची पिस्टनची धाव, यांमुळे तिचे इंजिन संथपणे फिरत असतानाही ओझे ओढी. ती चालू करणे हा एक विधीच असे: चावी फिरवायची, किक हळूहळू दाबत अँमीटरचा काटा मधोमध येईपर्यंत थांबायचे, मग हँडलवरची डीकॉम्प्रेशनची कळ ओढून किक किंचित पुढे सरकवायची, कळ सोडायची, पाय वर घेऊन पूर्ण वजनाने एकच लाथ घालायची, क्रम चुकला तर किक उलटी येऊन पोटरी सुजवी. एवढे सायास सोसूनही दूरचा प्रवासी तिलाच धरून राहिला, कारण हे इंजिन वर्षानुवर्षे जवळजवळ बदललेच नाही, आणि त्यामुळे ते उघडून पुन्हा जुळवणारा मिस्त्री गावोगाव तयार झाला.

तिची प्रतिस्पर्धी जावा. मुंबईत या चेक गाड्यांचा व्यापार करणाऱ्या इराणी कुटुंबाने म्हैसूरला आयडियल जावाचा कारखाना काढला. १९६१ पासून तेथे गाड्या होऊ लागल्या आणि १९७३ पासून त्या येझदी नावाने निघू लागल्या. किक आणि गियर या दोहोंचे काम एकाच दांडीने व्हावे, ही तिची हिकमत. टू-स्ट्रोक असल्यामुळे व्हॉल्व्हची भानगड नाही; पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचे आणि प्लग काजळला की पुसून लावायचा, एवढे जाणणारा मनुष्य निर्धास्तपणे दूर जाई. परंतु घाट उतरताना फोर-स्ट्रोक इंजिन गाडीला जसे मागे धरून ठेवते तसे हे धरत नाही. सारा भार ब्रेकवर येतो, हे सह्याद्रीत गाडी चालवणाऱ्याने ध्यानात ठेवणे प्राप्त होते.

परदेशी तोवर या वाहनाच्या दोन स्वतंत्र शाखा झाल्या होत्या. होंडाची गोल्डविंग १९७४ साली पुढे आली: चार सिलिंडर, पाण्याने थंड होणारे इंजिन आणि साखळीऐवजी शाफ्ट, म्हणजे अमेरिकेच्या सरळ महामार्गांवर दिवसभर विनासायास धावण्याची सोय. १९८० साली बीएमडब्ल्यूने आर ८० जी/एस काढली. तिच्या नावातली दोन अक्षरे जर्मन भाषेत अनुक्रमे रानवाट आणि रस्ता यांची, आणि दोहोंवर चालेल अशा एका यंत्राची ती प्रतिज्ञा होती.

आपल्या देशात मात्र या सर्व वाटा एकत्र नांदतात. लडाखच्या खारदुंग खिंडीत, पाच हजार तीनशे मीटरांच्या वर, हवेची घनता समुद्रसपाटीहून सुमारे चाळीस टक्क्यांनी कमी असते. तेथे कार्ब्युरेटर पेट्रोल अधिक आणि हवा कमी देऊ लागतो, इंजिन गुदमरते आणि काळा धूर ओकते. २०१६ साली निघालेली हिमालयन ही गाडी, तिचे एकवीस इंची पुढचे चाक आणि पुढे तिला मिळालेले फ्युएल इंजेक्शन, ही या वाटेचीच देणगी होय. सुवर्ण चतुष्कोनाच्या ५,८४६ किलोमीटर महामार्गांनी वेगळी गरज उत्पन्न केली, आणि २०१६ च्याच अखेरीस बजाजने ३७३ सीसीची डॉमिनार आणली. कोकणात दाभोळची खाडी फेरीबोटीने ओलांडून धोपाव्याला उतरणाऱ्या आणि लाल मातीच्या अरुंद वळणांवरून गुहागरकडे जाणाऱ्या प्रवाशाला यांपैकी कशाचीच निकड नाही. १९८५ साली हिरो होंडाने आणलेल्या सीडी १०० च्या कुळातली, थोड्या पेट्रोलवर पुष्कळ चालणारी हलकी गाडी त्याला अधिक मानवते.

म्हणून दूरच्या प्रवासाला निघू इच्छिणाऱ्याने आधी नकाशा पसरावा. रोजची मजल किती, वाट डांबरी की खडकाळ, उंची किती, मागे दुसरे माणूस बसणार की केवळ सामान, आणि आडरानात गाडी थांबली तर तिला हात घालणारा मिस्त्री किती कोसांवर, या पाच गोष्टी कागदावर लिहाव्यात आणि मगच दुकानाची पायरी चढावी. गाडी आडवी पडली असता जी आपल्याला एकट्याने उभी करता येत नाही, ती एकट्याच्या दूरच्या प्रवासाला घेऊ नये.