तक्त्यातून पडद्यावर : आलेखाचा दोनशे वर्षांचा प्रवास

मंडळाच्या वार्षिक सभेत खजिनदार जमाखर्चाची स्लाइड लावतात, आणि त्यावर एक रंगीत आलेख असतो. मुलं शाळेच्या प्रोजेक्टसाठी एक्सेलमध्ये आकडे भरतात, आलेख काढतात आणि पॉवरपॉइंटमध्ये नेऊन चिकटवतात. दोन मिनिटांचं काम! पण आकड्यांचा तक्ता, त्याचा आलेख आणि तो सभेपुढे दाखवायचा पडदा या तीन गोष्टी एकत्र यायला दोनशे वर्षं लागली. आजच्या भागात हीच गोष्ट ऐकू या. या प्रवासात काही वेळा माणसांचे जीवही पणाला लागले, म्हणून ती नीट ऐकण्यासारखी आहे.

सुरुवात लंडनची. १७८६ साली विल्यम प्लेफेअर या स्कॉटिश गृहस्थाने इंग्लंडच्या व्यापाराचे आलेख असलेलं पुस्तक छापलं. त्याआधी आयात-निर्यात म्हणजे आकड्यांचे लांबच लांब रकाने. प्लेफेअरने आडव्या अक्षावर वर्षं मांडली, उभ्या अक्षावर पैसे, आणि दोन रेषा काढल्या : एक आयातीची, एक निर्यातीची. स्कॉटलंडची मात्र सलग वर्षांची आकडेवारी त्याच्याकडे नव्हती, एकाच वर्षाची होती. मग त्याने रेषेऐवजी पट्ट्या काढल्या. आपण शाळेत शिकलो तो स्तंभालेख असा अडचणीतून जन्माला आला. पुढे १८०१ साली त्यानेच वृत्तालेख छापला, ज्याला आपली मुलं ‘पाय चार्ट’ म्हणतात.

पुढची पावणेदोनशे वर्षं बहुतेक आलेख हातानेच काढले जात. आकडा बदलला की आलेख पुन्हा काढायचा. १९७८ साली हार्वर्डमध्ये व्यवस्थापन शिकणाऱ्या डॅन ब्रिकलिनने प्राध्यापकांना फळ्यावर हिशेबाचा तक्ता मांडताना पाहिलं. एक आकडा चुकला की त्यावर अवलंबून असलेले सगळे पुसून पुन्हा लिहायचे. हे काम संगणकाने आपोआप का करू नये? या विचारातून त्याने आणि बॉब फ्रँकस्टनने ‘व्हिजिकॅल्क’ तयार केलं. १९७९ मध्ये ते अ‍ॅपल-२ संगणकावर आलं. १९८३ च्या जानेवारीत आलेल्या ‘लोटस १-२-३’ने तक्ता आणि आलेख एकाच प्रोग्रॅममध्ये आणले. आता आकडा बदलला की आलेखही बदलू लागला.

पण हा जिवंत आलेख संगणकातच राहायचा. सभेत न्यायचा तर कागदावर किंवा प्रोजेक्टरच्या पारदर्शक फिल्मवर छापायचा. एकदा छापला की मागच्या तक्त्याशी त्याचा संबंध तुटला. समोर बसलेल्यांना जे दाखवलं तेवढंच दिसणार.

तेवढंच दिसल्याने काय होतं, याचं उदाहरण १९८६ सालचं आहे. २८ जानेवारीला ‘चॅलेंजर’ हे अवकाशयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट झालं, सातही अंतराळवीर गेले. आदल्या रात्री कडाक्याची थंडी पडणार हे दिसत होतं. रॉकेटचे सांधे बंद ठेवणाऱ्या रबरी कड्या, म्हणजे ओ-रिंग, थंडीत नीट काम करणार नाहीत अशी भीती युटातल्या अभियंत्यांना वाटत होती. त्यांनी घाईघाईने १३ पानं तयार करून फॅक्सने पाठवली आणि फोनवरच्या बैठकीत उड्डाण नको असं सांगितलं. अखेर वरिष्ठांनी तो सल्ला बाजूला ठेवला.

नंतर चौकशी आयोगाला एक गोष्ट दिसली. ज्या उड्डाणांत कड्यांना इजा झाली होती, तेवढ्याच उड्डाणांचं तापमान विचारात घेतलं गेलं होतं. त्यातली काही उड्डाणं थंडीतली, काही उबदार हवेतली, त्यामुळे तापमानाचा काही संबंध दिसेना. पण इजा न झालेली उड्डाणंही त्याच आलेखात घातली की चित्र पालटतं : ६६ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक तापमानाच्या २० उड्डाणांपैकी फक्त तिनांत इजा, आणि ६३ किंवा त्याहून कमी तापमानाच्या चारही उड्डाणांत इजा! वगळलेल्या नोंदींतच उत्तर होतं.

पुढच्याच वर्षी, १९८७ च्या एप्रिलमध्ये, मॅकिंटॉशसाठी पॉवरपॉइंट बाजारात आलं, तेही कृष्णधवल. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने ते बनवणारी कंपनी १.४ कोटी डॉलरना विकत घेतली. पुढे एक्सेलमधला आलेख थेट स्लाइडवर आणता येऊ लागला. सोय झाली, पण स्लाइडवर जागा मोजकी, ही अडचण तशीच राहिली.

२००३ साली ‘कोलंबिया’ यान परतताना नष्ट झालं. कर्नालची कल्पना चावला त्यातच होती. उड्डाणाच्या वेळी फोमचा तुकडा पंखावर आदळला होता, आणि त्याचा धोका किती हे अधिकाऱ्यांना स्लाइडवरून सांगण्यात आलं. चाचणीतल्या तुकड्याचं आकारमान ३ घन इंच, प्रत्यक्षातल्याचं अंदाजे १,९२० घन इंच, म्हणजे ६४० पट. हा आकडा स्लाइडवर होता, पण अगदी तळाशी, बारीक अक्षरांत. वरचं मोठं शीर्षक वाचून मात्र दिलासाच वाटत होता. चौकशी मंडळाने आपल्या अहवालात या स्लाइडची आणि तांत्रिक अहवालाऐवजी स्लाइडवर भागवण्याच्या सवयीची दखल घेतली.

आपल्या सभांत एवढी जोखीम नसते, हे खरं. पण देणगी दिलेल्या माणसाला हिशेब कळायला हवा, आणि मुलांना आकड्यांचा प्रामाणिकपणा शिकवायला हवा. म्हणून काही साध्या गोष्टी.

आलेख स्लाइडवर तीन तऱ्हांनी जातो. नुसतं चित्र म्हणून चिकटवला तर तो गोठतो. तक्त्यात दुरुस्ती केली तरी स्लाइडवर जुनंच दिसतं. मूळ फाइलशी जोडला तर दुरुस्ती इथेही आणता येते, पण ती फाइल हलवली की दुवा तुटतो. आणि तक्त्यासकट आत बसवला तर अख्खी फाइलच स्लाइडबरोबर जाते. दुसऱ्या पानावर सभासदांचे फोन नंबर असतील, तर ईमेलने तेही पोचले म्हणून समजा!

स्लाइडच्या कोपऱ्यात तारीख आणि आकडे कुठून घेतले ते लिहा. स्तंभालेखाचा अक्ष शून्यापासून सुरू करा, नाहीतर पाच टक्क्यांची वाढ दुप्पट वाटते. आणि मुलांनी आलेख दाखवला की ‘छान’ म्हणण्याबरोबर एक प्रश्न जरूर विचारा : यात काय घातलं नाहीस, आणि का? त्याचं उत्तर द्यायला मुलांना परत तक्त्याकडे जावं लागेल.