चाकांवरचें घर ओढावें कोणीं?

घर बरोबर घेऊन प्रवासास निघण्याची रीत अमेरिकेंत फार जुनी आहे. आणि तें घर ओढावयाचें कशानें, हा प्रश्नहि तितकाच जुना आहे. आज मोठा कॅम्पर विकत घेणारें कुटुंब पिकअप ट्रकांच्या दुकानांत ज्या विवंचनेनें उभें असतें, त्याच विवंचनेनें एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तेथील शेतकरी गुरांच्या बाजारांत उभा असे. निवड चुकली तर किंमत पैशांतच द्यावी लागते असें नाहीं. मुलांबाळांचे प्राणहि पणास लागतात.

इ. स. १८४० नंतरच्या दोन-तीन दशकांत हजारों कुटुंबें मिसूरी नदीच्या कांठाहून ऑरेगनकडे निघालीं. वाट सुमारें २,००० मैलांची. प्रवास चार-सहा महिन्यांचा. पेन्सिल्व्हेनियांतील अजस्र कॉनेस्टोगा गाडा या वाटेवर निरुपयोगी ठरला. त्याच्या भारानें जनावरेंच खचत. म्हणून लहान, हलकी, कापडी छपराची गाडी रूढ झाली आणि तींत साधारण एक टन माल भरावा असा दंडक पडला. मग वाद उरला तो बैल कीं खेचर, हा. रँडॉल्फ मार्सी या लष्करी कप्तानानें १८५९ सालीं प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेंत याचा निवाडा हिशेबानें केला आहे. रस्ता चांगला व दाणा मुबलक असेल तर खेचरें वेगानें जातात. पण वाट लांबची, वाळूची व चिखलाची असेल तर तरुण बैलच अधिक टिकतात. शिवाय सहा खेचरांस ६०० डॉलर पडत, तर आठ बैल सुमारें २०० डॉलरांत मिळत. बहुतेकांनीं बैलच जुंपले. वेगापेक्षां दम श्रेष्ठ, हा त्या निवडीचा अर्थ होता. ज्यांनीं ओढणाऱ्याच्या बळाबाहेर संसार भरला, त्यांचीं लोखंडी चुलाणीं, पेट्या आणि मेजें फोर्ट लॅरमीच्या आसपास वाटेवर टाकून दिलेलीं पडलीं होतीं.

पुढें मोटार आली. १९२५ सालीं फोर्ड कंपनीनें 'मॉडेल टी' गाडीस कारखान्यांतच मागें उघडा हौदा बसवून ती २८१ डॉलरांस विकावयास काढली. तिचें एंजिन अवघें वीस अश्वशक्तीचें. ती शेतांतील दुधाचे डबे वाहण्यासाठीं होती, घरें ओढण्यासाठीं नव्हे. १९३० च्या सुमारास डेट्रॉइट येथील आर्थर शर्मन यानें जीं फिरतीं घरें बाजारांत आणलीं, त्यांस त्यानें जुन्या गाड्यांची आठवण ठेवून 'कव्हर्ड वॅगन' हेंच नांव दिलें. तीं घरें हलकीं असल्यामुळें साध्या मोटारी तीं ओढीत. दुसऱ्या महायुद्धानंतर घरें वाढत गेलीं, आणि १९७३ च्या तेलटंचाईनंतर मोटारी मात्र लहान होत गेल्या. मग हें ओझें साहजिकच पिकअपच्या मानेवर आलें. १९४८ च्या फोर्ड मालिकेंत अर्धा टन, पाऊण टन व एक टन असे वर्ग होते. हे वर्ग आजहि बोलण्यांत आहेत, परंतु प्रत्यक्ष वाहनशक्ति त्या नांवांहून पुष्कळच वाढली आहे.

येथें आपल्या बैलगाडीचें शहाणपण कामास येतें. माल मागें भरला कीं गाडी उलाळ होते. पुढें फार भरला तर बैलांची मान दबते. कॅम्परचेंहि तसेंच आहे. मागच्या अडकवणीस जोडलेल्या घराच्या वजनापैकीं दहा ते पंधरा टक्के भार ट्रकवर यावा लागतो; कमी पडला तर वेगांत घर शेंपटासारखें हेलकावूं लागतें. वैमानिक ग्लेन कर्टिस यानें १९२० नंतरच्या दशकाच्या अखेरीस जोडणी मागच्या आंसाकडे आणली, आणि धक्के शोषण्यासाठीं तींत विमानाचा टायर आडवा बसविला. आजच्या 'फिफ्थ व्हील' घरांची जोडणीहि मागच्या आंसावर, ट्रकच्या हौद्यांत असते. मात्र तींत पंधरा ते पंचवीस टक्के भार ट्रकवर येतो. १२,००० पौंडांचें असें घर घ्या. वीस टक्के धरले तरी २,४०० पौंड झाले. त्यांत माणसें, सामान व जोडणीचें वजन मिळवा. अर्ध्या टनाच्या वर्गांतील पुष्कळ ट्रकांची वाहनमर्यादा १,५०० ते २,००० पौंडांच्या आसपासच असते. म्हणजे ओढण्याची शक्ति असूनहि पाठ आधींच मोडते! मागें चार चाकें असलेले एक टनी ट्रक १९७३ च्या मॉडेलांपासून शेव्हरलेटनें विकावयास काढले, ते याच कारणानें.

जाहिरातींतील ओढशक्तीचा आंकडा पूर्वीं प्रत्येक कारखाना आपल्या सोयीनें ठरवी. २००८ सालीं एक समान कसोटी प्रसिद्ध झाली. ॲरिझोनांतील डेव्हिस धरणाजवळचा सुमारें ११ मैलांचा चढ, भर उन्हाळ्यांत, गारवा देणारें यंत्र चालू ठेवून, ठराविक वेगाखालीं न येतां चढावयाचा! कारखान्यांनीं ती हळूहळू, कांहीं वर्षांनीं, स्वीकारली. २०१२ सालीं लॉस एंजेलिसमध्यें एका साध्या टोयोटा पिकअपनें 'एंडेव्हर' हें अंतराळयान एका पुलावरून ओढून नेलें. लोकांनीं टाळ्या वाजविल्या. पण सपाटीवर मंदगतीनें ओढणें वेगळें, आणि घाटाच्या उतारावर तेंच ओझें आवरून धरणें वेगळें.

तेव्हां क्रम असा असावा: आधीं घर ठरवावें; तें रिकामें नव्हे, पाण्यानें व सामानानें भरलेलें किती होईल तें पाहावें; मग ट्रकच्या दारावरील पाटीवर त्याची वाहनमर्यादा वाचावी; आणि शेवटीं सर्व लवाजमा वजनकाट्यावर चढवावा. मार्सीच्या काळीं ओझें जास्त झालें तर चुलाणें वाटेवर टाकतां येत असे. साठ मैलांच्या वेगानें उतरणाऱ्या घरास ती सवड नसते.