उसाच्या गाडीची पारख
एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नीरा डाव्या कालव्याचें पाणी आलें आणि माळेगांव बुद्रुकच्या शिवारांत ऊस वाढला. स्वातंत्र्यानंतर सहकारी साखर कारखानाही निघाला. ऊस वाहणाऱ्या गाडीचें पूर्वीं प्रथम चाक पाहत. बाभळीचें लांकूड मुरलेलें हवें. ओलें असल्यास तें उन्हाळ्यांत आटे, लोखंडी धाव सैल होई आणि आरे खुळखुळूं लागत. रंगाला भुलणारें गिऱ्हाईक तेव्हांही असेच! पुढें रबरी टायरची गाडी आली. ती अधिक भार वाहूं लागली. परंतु तोल पुढें गेला कीं ओझें बैलांच्या मानेवर पडे. बीड-नगरकडील तोडकऱ्यांचा संसारही त्याच बैलांच्या बळावर येई. म्हणून रिकामी गाडी पाहून भागत नसे. ऊस भरल्यावर जूं हातानें उचलून पाहावें लागे.