सांधणारा विकर

ताण्याचा तुटलेला धागा भलत्याच धाग्याला जोडला तर कापडात खोट राहते, हे भिवंडीकरांना मी काय सांगावे! पेशीतही तेच. १९६८ साली नागोयाच्या रेइजी व त्सुनेको ओकाझाकी या दांपत्याने दाखविले की, नक्कल होताना नवा डीएनए-धागा आधी लहान तुकड्यांत तयार होतो. ते सांधणारा लायगेज हा विकर आदल्याच वर्षी हाती आला होता. पण त्याच्या सांधण्याहून मला त्याचे अडखळणे मोलाचे वाटते. टोकाची जोडी चुकीची असली की तो थबकतो. तेवढ्यात चूक खुडून काढायला दुसऱ्या विकरांना सवड मिळते. २०२१ साली संशोधकांनी यीस्टमधल्या लायगेजची ही चोखंदळ वृत्ती मुद्दाम बिघडविली, तेव्हा नकलेतल्या चुका वाढल्या. हे पाहायला रेइजी नव्हते. मुलगा असताना हिरोशिमाच्या बॉम्बचे किरण त्यांच्या अंगावर आले होते. १९७५ साली, अवघ्या ४४व्या वर्षी, ते रक्ताच्या कर्करोगाने गेले.