तळघर असलेलं घर घेताय? आधी पाणी, भिंत, हवा आणि कागद तपासा

गावात एखादा जुना वाडा विकायला निघाला की पहिली चर्चा तळघराची होते. "खाली तळघर आहे" म्हटलं की किंमत वाढते. उन्हाळ्यात गारवा, धान्याला जागा, सामान ठेवायला सोय, अशी कारणं सांगितली जातात. पण आपल्याकडे तळघराची घरं मुळातच कमी आहेत, आणि त्याला कारणं आहेत. ती समजून घेतली तर कुठलं तळघर कामाचं आणि कुठलं डोकेदुखीचं, हे पैसे देण्याआधी कळतं.

आपल्याकडे तळघरं कमी का?

पहिलं कारण काळी माती. ती पाणी प्यायली की फुगते, वाळली की आकसते. उन्हाळ्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या यामुळेच. जमिनीखाली भिंत असेल तर ही माती दर पावसाळ्यात तिला आत ढकलते आणि उन्हाळ्यात सोडते. काही वर्षांत भिंतीला तडे जातात, पोट येतं.

दुसरं कारण दगड. पठारावर मातीखाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण लागतो. तो फोडायचा म्हणजे ब्रेकर आणि मोठा खर्च. त्याच पैशात वर आणखी एक खोली होते.

तिसरं कारण पाणी. नदीकाठी, ओढ्याजवळ, कॅनॉलच्या भिजणीत भूजल वर असतं. कोकणात तर वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तिथे जमिनीखालची खोली कोरडी ठेवणं अवघडच.

मग सापडतात कुठे?

जुन्या लोकांनी गाव वसवताना काळी शेतीला ठेवली आणि पांढरीवर घरं बांधली. पांढरी म्हणजे उंचावरची, पाण्याचा निचरा होणारी जागा. त्यामुळे तळघर शोधायचं तर जुन्या गावठाणात, पाटील-देशमुखांच्या गढीत, सावकारी वाड्यात आणि बाजारपेठेतल्या व्यापाऱ्यांच्या घरांत. नव्या वस्तीत, प्लॉटिंगमध्ये ते क्वचितच मिळतं.

ओळखायच्या खुणा अशा:

- घराचं जोतं कंबरेएवढं किंवा त्याहून उंच असतं.
- जोत्यात रस्त्याच्या बाजूला लहान झरोके दिसतात, बऱ्याचदा बुजवलेले.
- माजघरात, देवघराजवळ किंवा जिन्याखाली लाकडी झडप किंवा वेगळी फरशी असते.
- काठी आपटली की त्या जागी पोकळ आवाज येतो.

सगळ्यात खात्रीची खूण म्हणजे गल्लीतली म्हातारी माणसं. तळघर कधी बुजवलं, कधी पाणी शिरलं, हे त्यांना पाठ असतं.

नावांतही गल्लत होते. तळघर म्हणजे पायऱ्या उतरून जायची खोली. बळद म्हणजे धान्य भरायची बंद, अंधारी कोठी. पेव म्हणजे तोंड अरुंद आणि पोट मोठं असलेला जमिनीतला खड्डा. सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवं प्रसिद्ध आहेत. २००५ च्या महापुराने त्यातल्या बऱ्याच पेवांचं नुकसान केलं. विकणारा पेवाला तळघर म्हणत असेल तर स्वतः बघितल्याशिवाय मानू नका.

पाणी: घर भाद्रपदात बघा

उन्हाळ्यात प्रत्येक तळघर कोरडंच दिसतं. खरी परीक्षा पावसाळ्याच्या शेवटी, जमीन तुडुंब भरलेली असताना. उन्हाळ्यातच व्यवहार करायची वेळ आली तर भिंतीवर पांढरा खार आलाय का, ओलीची रेघ किती उंचीवर आहे, लाकूड कुजलंय का, ते बघा. नुकताच रंग दिलेला असेल तर जास्तच बारकाईने बघा. जवळच्या आडाची, विहिरीची पावसाळ्यातली पातळी विचारा. ती तळघराच्या तळापेक्षा वर येत असेल तर पाणी आत येणारच.

पाण्याचा जोर किती असतो? तळापेक्षा दोन मीटर वर भूजल आलं तर ते प्रत्येक चौरस मीटरला सुमारे दोन टन जोराने खालून ढकलतं. दहा बाय दहा फुटांच्या खोलीच्या तळाला हा जोर १८ टनांच्या आसपास जातो. आतून नुसतं सिमेंट लिंपून तो थांबत नाही.

भिंत: वरचं वजनही बघा

जुनी भिंत दगड-मातीची असते. दोन्ही बाजूंचे दगड सुटे आणि मध्ये भराव असेल तर ती धक्क्याने उकलते. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात अशा भिंती आणि वर मातीचं जड धाबं असलेली घरं मोठ्या संख्येने कोसळली. तळघराच्या भिंतीला पोट आलंय का, तुळया वाकल्यात का, कमानीचे दगड सरकलेत का, हे बांधकाम अभियंत्याला दाखवा. त्याची फी घराच्या किमतीपुढे काहीच नाही. वर स्लॅब टाकून मजला चढवायचा विचार असेल तर त्याच्या सल्ल्याशिवाय नकोच.

हवा: हा जिवाचा प्रश्न आहे

बंद पेवात किंवा बळदात धान्य श्वास घेतं, ओल लागली तर आंबतं. ऑक्सिजन कमी होतो आणि कार्बन डायऑक्साइड साठतो. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने तळाशी बसतो, आणि त्याला रंग-वास नसतो. उतरलेला माणूस काही क्षणांत कोसळतो, आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही.

- वर्षानुवर्षं बंद जागा उघडली की लगेच उतरू नका. झडप, झरोके उघडे ठेवून पंख्याने हवा खेळवा.
- दिवा किंवा मेणबत्ती विझली नाही म्हणजे हवा चांगली, असं धरू नका. शेजारी शौचालयाचा खड्डा असेल तर वायू पेट घेण्याचा धोका असतो, तिथे ज्योत नेऊच नका.
- एकट्याने उतरू नका. कमरेला दोर आणि वर माणसं हवीत.
- कुणी आत पडलं तर मागोमाग उडी घेऊ नका. ११२ ला फोन करा, वरून हवा सोडा.

साप-विंचवांसाठी टॉर्च आणि बूट हवेतच.

कागद: वर एकाचं, खाली दुसऱ्याचं

वाड्याच्या वाटण्या झाल्या की वरच्या खोल्या भावाभावांत विभागल्या जातात, पण तळघर सलग राहतं. तुम्ही घेतलेल्या घराचं तळघर शेजारच्या चुलत्याच्या ओसरीखाली गेलेलं असू शकतं. म्हणून टेप घेऊन वरची आणि खालची मापं मोजा, जुळवा. वाटणीपत्र मागा.

ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा अंतिम पुरावा नाही. स्वामित्व योजनेत गावठाणाची मोजणी ड्रोनने होते. ड्रोनला छप्पर दिसतं, तळघर दिसत नाही. त्यामुळे मिळकत पत्रिकेत क्षेत्र बरोबर असलं तरी खालच्या जागेचा खुलासा त्यात शोधू नका. खरेदीखतातच तळघराची लांबी-रुंदी, जायची वाट आणि हक्क स्पष्ट लिहून घ्या.

"खाली धन आहे" म्हणून कुणी भाव वाढवत असेल तर उठून चालू लागा. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं गुप्तधन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. गुप्तधनाच्या नावाखाली अघोरी प्रकार करणं हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

नवीन तळघर बांधायचं असेल तर

आधी माती परीक्षण करा आणि परवानगी घ्या. काळ्या मातीत भिंत आरसीसीचीच हवी. भिंतीमागे काळी माती परत भरू नका, मुरूम भरा आणि पाणी निघायला वाट ठेवा. बाहेरून शहाबादी फरशीचं बॉक्स वॉटरप्रूफिंग बांधकामाच्या वेळीच करून घ्यावं लागतं, नंतर बाहेरून हात पोहोचत नाही. इमारत नियमांत तळघर हे साठवण, पार्किंग अशा वापरासाठी धरतात, राहायची खोली म्हणून नाही. कांद्यासाठी तर तळघर नकोच. त्याला खेळती हवा लागते, चाळच बरी.

उताराच्या जागेवर एक मधला मार्ग आहे: मागची बाजू जमिनीत आणि पुढची उघडी. गारवा मिळतो, पाणी आपोआप निघतं, दार-खिडकीही ठेवता येते.

थोडक्यात, कोरडं, हवेशीर, भक्कम आणि कागदावर तुमच्या नावाचं तळघर असेल तर त्याचे चार पैसे जास्त द्यायला हरकत नाही. यातलं एक जरी कमी असेल तर तळघराची किंमत शून्य धरून भाव करा, आणि दुरुस्तीचा किंवा बुजवायचा खर्च त्यातून वजा करा.