नेतानिवड : संसदीय व अध्यक्षीय पद्धती

लोकशाहीत शासनप्रमुख निवडण्याच्या दोन प्रमुख पद्धती आहेत. संसदीय पद्धतीत मतदार प्रतिनिधी निवडतात आणि सभागृहातील बहुमताच्या पाठिंब्यावर नेता ठरतो. अध्यक्षीय पद्धतीत नेत्यासाठी स्वतंत्र निवडणूक होते. उदाहरणार्थ, रायगड जिल्ह्यातील उमरठ (ता. पोलादपूर) गावचा मतदार विधानसभेसाठी महाड मतदारसंघाचा आमदार निवडतो. मुख्यमंत्र्यांचे नाव त्याच्या मतदानयंत्रावर नसते. २८८ पैकी किमान १४५ आमदारांच्या पाठिंब्याने बहुमत होते. बहुमत गेले की पदही जाते. अमेरिकेत अध्यक्षपदासाठी ५३८ निर्वाचकांपैकी २७० मते लागतात. मुदत ठरलेली असून केवळ सभागृहातील बहुमत गेले म्हणून अध्यक्षाला हटवता येत नाही.

हा फरक महाराष्ट्राच्या गावांनी जवळून अनुभवला आहे. पूर्वी सदस्य आपल्यातून सरपंच निवडत. २०१७ मध्ये थेट निवड आली, २०२० मध्ये ती रद्द झाली आणि २०२२ मध्ये पुन्हा लागू झाली. आता मतदार प्रभागातील सदस्यांना आणि सरपंचाला वेगवेगळे मत देतो. थेट निवडलेल्या सरपंचाला हटवण्यासाठी सदस्यांच्या अविश्वास ठरावानंतर ग्रामसभेची मंजुरीही लागते. मात्र सरपंच व सदस्य वेगवेगळ्या गटांचे असल्यास कारभार अडू शकतो. म्हणून कोणतीही पद्धत असो, जागरूक ग्रामसभेला पर्याय नाही.