राखीव रान आणि सार्वजनिक वाट

‘सार्वजनिक’ हा शब्द आपल्या देशात फार जपून वाचावा लागतो. सार्वजनिक विहीर, सार्वजनिक पाणवठा, सार्वजनिक धर्मशाळा हे शब्द कागदावर होतेच; त्या ‘सर्व जनां’त आपली गणती नव्हती, एवढेच. म्हणून एखादी जमीन निसर्गासाठी राखली आहे आणि ती जनतेला खुली आहे, असे कोणी सांगितले की मी आधी दोन प्रश्न विचारतो. राखतो कोण? आणि खुली कोणाला? बोरिवलीच्या रानाचा इतिहास या दोन प्रश्नांच्या उजेडात वाचण्यासारखा आहे.

हे रान म्हणजे आजचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. मुंबई आणि ठाणे यांच्या मधोमध सुमारे 104 चौरस किलोमीटरचा हा डोंगराळ मुलूख. विहार आणि तुळशी हे तलाव याच्याच कुशीत, आणि मधोमध कान्हेरीची शंभराहून अधिक बौद्ध लेणी.

कान्हेरीबद्दल लिहिणारे बहुतेक विद्वान राजघराणी आणि शिल्पशैली यांतच रमतात. माझे लक्ष तिथल्या दानलेखांकडे जाते. दाते पुष्कळदा साधे लोक आहेत: कल्याणचे, सोपाऱ्याचे व्यापारी, सोनार, गृहस्थ, भिक्षुणी. त्यांनी दिले काय? लेणे, बसायचा ओटा, पाण्याची ‘पोढी’, म्हणजे खडकात खोदलेले टाके. कल्याणच्या एका लोहाराने तर वाट करून दिल्याची नोंद आहे. राजाच्या दानापेक्षा मला ही वाट अधिक मोलाची वाटते. डोंगरावर पडणारे पावसाचे पाणी खडकातल्या पन्हळींनी टाक्यांत उतरवायचे, वर्षभर पुरवायचे, आणि येणाऱ्याला वाट मोकळी ठेवायची, ही व्यवस्था सुमारे हजार वर्षे त्या डोंगरात नांदली. जागा राखणे आणि ती खुली ठेवणे ही त्या माणसांना परस्परविरोधी कामे वाटत नव्हती. टाके देणारा आणि वाट देणारा एकाच कामाला हातभार लावत होता.

पुढे इंग्रज आले. मुंबईची तहान भागवण्यासाठी 1860 साली विहार आणि 1879 साली तुळशी तलाव पुरा झाला. तलावांभोवतीचे रान राखणे शहराच्या गरजेचे होते, आणि ते राखले गेले म्हणूनच आज उरले आहे. हे उपकार नाकारण्याचे कारण नाही. पण त्याच सुमारास, 1878 च्या कायद्याने, सरकारने देशभर राखीव जंगलांच्या हद्दी आखल्या आणि गावकऱ्याचा शतकांचा वापर हा हक्क नसून सरकारची मेहेरबानी ठरवला. जोतीराव फुल्यांनी 1883 साली लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जंगलखात्यावर कोरडे ओढले आहेत ते यासाठीच. कुरण गेले, गायरान गेले, शेळीलाही चरायला जागा उरली नाही, ही त्यांची तक्रार होती. पर्यावरणाचा इतिहास लिहिणाऱ्यांनी फुल्यांना या अंगाने अजून पुरते वाचलेले नाही.

मग 1927 साल येते. त्याच वर्षी भारतीय वन कायदा झाला आणि त्याच वर्षी महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. एका बाजूला सरकार जमिनीभोवती कुंपण पक्के करीत होते, दुसऱ्या बाजूला बाबासाहेब ओंजळभर पाण्यासाठी ‘सार्वजनिक’ या शब्दाचा अर्थ पक्का करीत होते. बोले ठराव 1923 चा. महाड नगरपालिकेने तो मान्यही केला होता. तरी तळ्याचे पाणी पिताच दगडफेक, लाठ्या, आणि नंतर दूध-दही-शेणाने तळ्याचे ‘शुद्धीकरण’. तळे खासगी आहे, असा दावा कोर्टात गेला, आणि तो निकालात निघायला 1937 साल उजाडले.

इथे कोणी म्हणेल, तळे आणि जंगल यांची तुलना कशाला? तुलना मर्यादेतच करावी, हे मलाही मान्य आहे. अस्पृश्याच्या स्पर्शाने तळे बाटते ही निव्वळ थाप होती. जंगल मात्र खरोखर नासते. झाडे तुटतात, वणवे लागतात, प्लास्टिकचे ढीग साचतात, त्या ढिगांवर कुत्री वाढतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या वस्तीत येतो. तेव्हा बंधन हवेच. पण बंधन कृतीवर घालायचे की माणसावर, हा महाडने शिकवलेला प्रश्न इथेही सुटत नाही. झाड तोडू नका, हे कृतीवरचे बंधन झाले. तू इथला नव्हेस, हे माणसावरचे.

1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा या दृष्टीने वाचून पाहावा. कलम 28 मध्ये प्रवेशाचा परवाना कोणत्या कामांसाठी मिळतो याची यादी आहे: वन्यजीवांचा अभ्यास, छायाचित्रण, शास्त्रीय संशोधन, पर्यटन, आणि आत राहणाऱ्याशी कायदेशीर व्यवहार. कॅमेरेवाला आत येऊ शकतो, सहलीला आलेला येऊ शकतो. मोळी विकून चूल पेटवणारी बाई या यादीत कुठेच नाही.

याचा परिणाम 1995 नंतर दिसला. एका पर्यावरणवादी संस्थेच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने 1997 साली उद्यानातील झोपड्या हटवण्याचा आदेश दिला. 1 जानेवारी 1995 पूर्वीचा पुरावा असलेल्याला पर्यायी जागा, तीही 7,000 रुपये भरून, बाकीच्यांवर बुलडोझर. ही माणसे कोण होती? गावात जमीन नाही, शहरात घर नाही अशी. दादासाहेब गायकवाडांनी 1959 आणि 1964 साली भूमिहीनांचे सत्याग्रह उभारले ते अशाच माणसांसाठी. गावची पडीक जमीन त्यांना वेळेवर मिळाली असती, तर शहरातल्या डोंगराच्या कडेला पत्रे ठोकायला त्यांतली किती आली असती? रानाच्या कडेला भिंतीला भिंत लावून टोलेजंग इमारती उभ्या राहिल्या, त्यांतल्या रहिवाशांना सकाळी रानात फिरायला मुभा राहिली. अतिक्रमण हा शब्द पत्र्याला पटकन चिकटतो, सिमेंटला उशिरा.

आदिवासी पाडे तर उद्यानापेक्षा जुने. वाघोबाला देव मानून बिबट्याशेजारी नांदणारा वारली हा रानाचा राखणदारच, पण पगारपत्रकावर नसलेला. 2006 च्या वनहक्क कायद्याने आदिवासींसाठी 13 डिसेंबर 2005 ही तारीख धरली. रानात राहणाऱ्या दलिताला मात्र ‘इतर पारंपरिक वननिवासी’ या खात्यात टाकून तीन पिढ्यांचा, म्हणजे 75 वर्षांचा वास्तव्याचा पुरावा मागितला. ज्यांच्या आजोबांचे नाव पाटलाच्या दप्तरात आडनावाशिवाय, नुसत्या जातीने लिहिले गेले, त्यांनी तो पुरावा आणायचा कुठून? शिवेच्या तंट्यात महाराची साक्ष मानली जात होती. गावाची हद्द त्याला तोंडपाठ होती, त्या हद्दीत जमीन तेवढी त्याची नव्हती.

कान्हेरीला आपली माणसे बौद्ध वस्त्यांतून जातात. दाराशी उद्यानाचे तिकीट, वर लेण्यांपाशी पुरातत्त्व खात्याचे वेगळे. पाच माणसांच्या कुटुंबाने हिशेब करूनच निघावे. माझे म्हणणे सरळ आहे: रानात येणाऱ्या मोटारींची संख्या आधी बांधून द्या, कचऱ्याला दंड करा, पावसाळ्यात काही वाटांना विश्रांती द्या, राखणीच्या पगारी जागा पाड्यांतल्या मुलामुलींना द्या. आणि लेण्यांकडे पायी जाणाऱ्याकडून पैसे घेऊ नका. त्या डोंगरातली एक वाट एका लोहाराने दान दिलेली आहे.